तहाची काठवट

माझे पुढचे दोन दात कुणी पाडले, याच्या सात गोष्टी आमच्या खोऱ्यात फिरतात. त्यातल्या पाच मीच पसरवलेल्या आहेत. एकीत अस्वल आहे, एकीत एक विधवा. विधवा आता वारली, त्यामुळे ती गोष्ट मी हल्ली जरा मोकळेपणाने रंगवतो. पण खरं विचाराल तर ते दात माझ्या पोटच्या मुलीने पाडले. फावड्याच्या दांड्याने, भर सकाळी, दोनशे माणसांसमोर. आणि नंतर मी तिच्या त्याच हाताचा मुका घेतला.

मी तेव्हा पायोबचा मिराब होतो. पाटाचं पाणी कुणाच्या बागेत किती वेळ जायचं, हे ठरवतो तो मिराब. त्यामुळे गाव मला समोरून सलाम करायचं आणि पाठ फिरली की थुंकायचं. आमचं पायोब खाली, सरोब वर, आणि दोघांत पाट एकच. पाणी आधी सरोबच्या जर्दाळूंना मिळायचं, उरेल ते आम्हाला. पण वर जाणारा रस्ता आमच्या गावातून. म्हणजे आमचं पाणी त्यांच्या मुठीत आणि त्यांचं पीठ आमच्या. अशी गावं शेजारी असली की भांडायला कारण शोधावं लागत नाही.

दर वसंतात पाटाचं पाणी बागांना सोडायच्या दिवशी दोन्ही गावं वाटणीच्या दगडापाशी भिडायची. ही मारामारी म्हणजे आमच्याकडचं लग्नकार्यच. दिवस ठरलेला, माणसं ठरलेली, शेवटी पुलाव. कायदेही होते. फावड्याचा दांडा चालेल, पातं नाही. पाण्यात पडलेल्याला मारायचं नाही. बायकांनी दगडापर्यंत यायचं नाही. माझ्या आजोबांनी एका सरोबवाल्याला असा दांडा हाणला होता की तो तीन डोंगर ओलांडून पलीकडे पडला आणि तिथेच लग्न करून राहिला. त्याची नातवंडं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. सगळ्यांच्या कपाळावर तेच टेंगूळ.

शेवटचा कायदा काठवटीचा. अक्रोडाच्या अख्ख्या बुंध्यातून कोरलेली ही काठवट, तिच्यात मेंढी बसवून धुता आली असती. ज्या गावाचा मिराब आधी आडवा होईल, त्याने ती पाण्याने भरायची आणि पहिला घोट घ्यायचा. मग दुसऱ्या गावच्या मिराबाने. मग एकेका लढवय्याने, त्याच काठाला ओठ लावून. सगळे प्यायले की तह झाला. एकाने जरी तोंड फिरवलं, तरी तह मोडला. आणि तह मोडला की फावडी उलटी धरायची, पातं पुढे. माझ्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. चाळीस वर्षांत त्या दगडापाशी हाडं मोडली, कान फाटले, पण मेलं कुणी नाही.

आता माझ्या मुलीचं सांगतो. सबोहत नर्स होती. दोन्ही गावांना दवाखाना एकच, आमच्या गावात. दोन खोल्या, एक खाट आणि भिंतीवर रशियनांच्या वेळचं माशीचं चित्र. ती माशी इतकी मोठी होती की तिला बघून खऱ्या माशा आत यायच्या नाहीत. रशियनांचं संघराज्य मोडलं, त्यानंतर दोन वर्षांनी नळाचा पंप बंद पडला, आणि दोन्ही गावं पुन्हा पाटाचं पाणी प्यायला लागली. सबोहत दारोदार फिरून सांगायची, पाणी उकळा, साबणाने हात धुवा, संडास पाटापासून लांब खणा. एकदा मीच चहाखान्यात सर्वांदेखत म्हणालो होतो, "पोरी, उकळलेलं पाणी मेलेलं असतं. वाहतं पाणी जिवंत. वाहता वाहता ते स्वतःच स्वतःला धुतं." लोकांनी मांड्यांवर थापा मारल्या होत्या.  सबोहतने माझ्या पुढ्यातला चहा उचलला, ओतून दिला आणि म्हणाली, "मग हे मढं कशाला पिताय, बाबा?"

त्या वर्षीच्या पाटाच्या दिवशी, दवाखाना उघडायच्या आतच, सरोबची गुलरू तिच्या दारात उभी होती. ही सरोबच्या मिराबाची, योदगोरची, धाकटी सून. पाठीला चार वर्षांचा मुलगा बांधलेला. सबोहतने पोराचा सदरा वर केला. पोटावर गुलाबी ठिपके, जिभेवर पांढरा थर, अंग तव्यासारखं.

"किती दिवस झाले?"

"अकरा. आणि हा एकटा नाही, आपा. सोळा घरांत असंच आहे."

"सोळा घरांत टायफॉईड, आणि माझ्यापर्यंत कुणी आलं नाही?"

"सासऱ्यांनी बंदी केलीय. म्हणाले, पाटाचा दिवस होऊ द्या, मग बघू. खालच्यांना कळलं तर ते काठवट पिणार नाहीत. तह मोडेल, रस्ता बंद होईल."

"आणि ह्याची अंथरुणं? ह्याचे लंगोट?"

गुलरूने पोराचा सदरा खाली ओढला. "पाटातच धुते. सगळ्याच धुतात. वाहतं पाणी आहे ना, आपा."

सबोहतने पोराला खाटेवर निजवलं, गुलरूला सांगितलं, "इथून हलू नकोस, घोटघोट पाणी देत राहा, हे उकळलेलं," आणि दवाखान्याची पिशवी खांद्याला अडकवून धावत सुटली. दगड तिथून अर्ध्या तासाच्या चढावर. आणि मी, तिचा बाप, त्याच वेळी हरायच्या बेतात होतो. हरलो की पहिला घोट माझा.

तिकडे काय चाललं होतं ते ऐका. यंदा सरोबवाले पिसाळल्यासारखे आले होते. घरात दुखणं असलेला माणूस असाच मारतो, हे मला तेव्हा कळलं नाही. पहिल्याच धडकेत माझा मेहुणा नुराली याचा डावा कान मुळापासून सुटला आणि गालावर लोंबायला लागला. नुराली एका हाताने कान धरून दुसऱ्या हाताने दांडा फिरवत होता आणि ओरडत होता, "माझा कान गेला तर गेला, तुमची डोकी कुठे जातायत बघा!" आमच्या लोहाराने एकाच्या दंडावर दांडा हाणला, तेव्हा सुकलेली तुतीची फांदी मोडावी तसा आवाज झाला. एकाचं नाक चेहऱ्यात इतकं आत गेलं की तो पुढे जन्मभर मानेने शिंकला. हे शेवटचं मी थोडं वाढवलंय. फांदीचं नाही.

योदगोर आणि मी नेहमीप्रमाणे समोरासमोर. तो माणूस बैलाएवढा. तीस वर्षं मी त्याला मारत होतो, तीस वर्षं तो मला. आमच्या बायकांपेक्षा आम्ही एकमेकांची हाडं जास्त ओळखत होतो.

"काय रे होशिम, म्हातारा झालास की! दांडा धरलायस का काठी टेकतोयस?"

"तुझ्या आईला विचार, कसा धरतो ते."

माझ्या बरगडीवर एक, गुडघ्यावर एक, आणि मी पाटाच्या काठावर आडवा. सरोबवाल्यांनी आरोळी ठोकली. मारामारी संपली. लोक गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिले. कुणी दात शोधत होतं, कुणी टोपी. पलीकडे चुलाण्यावर पुलावाची मोठी देग तापत होती, दुसरी देग मोकळीच होती. पाटाचं पाणी दगडाला वळसा घालून खाली आमच्या गावाकडे चाललं होतं, गुलाबी होऊन.

मी दगडाच्या वरच्या अंगाला काठवट भरली. थंड पाणी, स्वच्छ, तळाचा अक्रोडाचा पीळ दिसत होता. असं पाणी पाहून कुणाला तहान लागणार नाही? मी दोन्ही हातांनी ती उचलली, काठ दातांना लावला.

तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं, "बाबा, नका!"

आणि मग माझ्या तोंडावर आभाळ कोसळलं.

सबोहतने पडलेला एक दांडा उचलून काठवटीवर मारला होता. काठवट तडकून दुभंगली, पाणी माझ्या छातीवर सांडलं, आणि तोंडात पाण्याऐवजी रक्त आलं. मी हाताने चाचपलं तर पुढे खिडकी.

दोनशे माणसं उभी होती, आणि देगीतल्या चरबीचा चटचट आवाज ऐकू येत होता.

"कुणीही पिऊ नका," सबोहत दगडावर चढून म्हणाली. तिची छाती भात्यासारखी हलत होती. "वर सोळा घरांत टायफॉईड आहे. त्यांची अंथरुणं याच पाण्यात धुतली जातात. हे जो पिईल तो दोन आठवड्यांत खाटेवर आणि त्याच्या हातचं खाईल तो त्याच्या शेजारी."

"खोटं!" योदगोर गरजला. "आमच्याकडे कुणी आजारी नाही!"

"योदगोर-अका, माझ्याकडे बघून सांगा."

त्याने बघितलं नाही. तो आपल्या माणसांकडे वळला. "बाई दगडावर चढली. काठवट फोडली. आपल्या बापाला पिऊ दिलं नाही. आता काय राहिलं?"

सरोबवाल्यांनी फावडी उलटी धरली. आमच्यांनीही.

इथून पुढचं मी कमी करून सांगणार आहे, आणि हे मी आयुष्यात क्वचित करतो. पातं लागतं तेव्हा आवाज होत नाही. सरोबचा सुतार, माझ्या घराचं दार ज्याने केलं होतं तो, त्याची तीन बोटं त्याच्याच पायाशी पडली आणि तो ती उचलायला वाकला, जणू सांडलेले खिळे गोळा करतोय. आमच्या लोहाराची मांडी उघडी पडली, आत पांढरं दिसलं. माणसं ओरडत नव्हती, फक्त हुंकारत होती. जो पाण्यात पडेल त्यालाही आता सोडत नव्हते. एक पोरगा, लग्न होऊन आठ दिवस झालेला, पाटात पालथा पडला आणि त्याच्या पाठीवर दोघं उभे राहिले. नुरालीने एकाला दाढीला धरून फरफटत काढलं नसतं, तर तो पोरगा तिथेच, वीतभर पाण्यात, बुडून मेला असता.

योदगोर सरळ दगडाकडे निघाला. त्याने पातं खांद्याच्या वर उचललं होतं. सबोहत खाली उतरली नाही. हातात तो दांडा आडवा धरून उभी राहिली, पातं बसलं असतं तर दांड्यासकट तिचे दोन तुकडे झाले असते. मी त्याच्या पाठीवर झेप घेतली. कानाला चावलो, पण चावायचे दात नुकतेच गेलेले, नुसत्या हिरड्या लागल्या. त्याने मला पोत्यासारखं उचलून दगडावर आपटलं. माझ्या खांद्याचं हाड तुटलं ते मी ऐकलं. सबोहतने त्याच्या मनगटावर दांडा मारला. त्याने तो हिसकावून फेकून दिला आणि पातं पुन्हा उचललं. मी खाली पडलो होतो आणि मला तिच्या चपला दिसत होत्या. उलट्या घातल्या होत्या, घाईत. उजव्या पायाची डाव्यात. तेवढंच आठवतं. माझी पोर मरणार आणि तिने चपला उलट्या घातल्यात.

"बाबाजान!"

हा आवाज माझ्या मुलीचा नव्हता. गुलरू पायवाटेने चढून आली होती, पाठीला पोर बांधून. तिला हलू नको म्हटलं होतं. आमच्याकडच्या बायकांना हलू नको म्हटलं की काय होतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती त्या चिखलातून, त्या पात्यांमधून चालत आली. पहिल्याने तिला बघून हात थांबवला, मग त्याच्या शेजाऱ्याने. ती सासऱ्यासमोर आली, पोराला सोडून दगडावर ठेवलं आणि त्याचा सदरा वर केला.

"मारायचं तर आधी मला मारा. मीच खाली सांगायला गेले. हे ठिपके बघा. ह्याची चादर मी कालपासून तीनदा धुतली. तुम्ही आता जिथे उभे आहात, तिथे येणाऱ्याच पाण्यात."

योदगोरने पोराकडे बघितलं. पोर आजोबाला ओळखून हात वर करत होतं, पण हात अर्ध्यावरच पडत होता.

मी खालूनच म्हणालो, बोबड्या तोंडाने, "योदगोर, हे मला पाजणार होतास?"

"मीही पिणार होतो ना!" तो असा ओरडला की आवाज फाटला. "तुझ्यामागून मीच! तीस वर्षं तुझ्यामागून प्यायलोय. वाहतं पाणी आहे, होशिम. वाहून गेलं असेल म्हटलं सगळं. तूच म्हणाला होतास चहाखान्यात!"

 मी रक्त थुंकलो.

त्याने पातं खाली टाकलं. पण त्याच्या मागची माणसं तशीच उभी होती, आणि आमचीही. अंगात आलेलं रक्त असं दोन वाक्यांनी उतरत नाही. बोटं तुटलेला सुतार म्हणाला, "पाणी प्यायल्याशिवाय तह नाही. हा कायदा आहे. मग आता?"

"मग पिऊ या," सबोहत म्हणाली. "पाणीच प्यायचंय ना? कायद्यात उकळू नका असं कुठे आहे?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कायद्यात खरंच तसं कुठे नव्हतं.

"ती मोकळी देग चढवा. पाटाचं नको, पलीकडच्या झऱ्याचं आणा, आणि तेही उकळायचं. खदखदेपर्यंत."

"एवढी मोठी देग?" सरोबचा एकजण म्हणाला. "तास लागेल. तोवर तह नाही म्हणजे आम्ही काय करायचं?"

नुराली कान धरून उभा होता. तो म्हणाला, "करायचं काय? तोवर मारामारी चालू ठेवू. पण दांड्याने, पात्याने नको, मला दुसरा कान लागणार आहे."

कुणीतरी हसलं. मग चार जण हसले, ज्यांना हसताना बरगड्या दुखत होत्या ते शिव्या देत हसले. आणि खोटं वाटेल, पण मारामारी खरंच चालू राहिली. सबोहतने त्या वेळात लोहाराची मांडी आणि सुताराचा हात बांधला, माझा हात ओढणीने गळ्यात अडकवून दिला, पोराला सावलीत घेतलं. बाकीचे दांडा एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर टेकवत होते. प्रत्येक दांड्यानंतर कुणीतरी चुलाण्याकडे मान वळवून विचारायचं, "आपा, झालं का?"

"अजून बुडबुडे नाहीत!"

"अरे, मग हाण अजून एक."

बुडबुडे आले, त्यातच चहाची पत्ती पडली. पण तिने कुणाला चहाचा प्याला दिला नाही. आधी हात, म्हणाली. आमच्याकडे जेवणाआधी यजमान झारीने पाहुण्याच्या हातावर पाणी घालतो, हे सगळ्यांना ठाऊकच. पण तिने काय केलं, ज्याला ज्याने मारलं त्याने त्याच्या हातावर पाणी घालायचं. तीनदा, आणि तपकिरी साबण लावून. नखांखालचं सुद्धा. हात पुसायला नेहमीप्रमाणे एकच लांब टॉवेल आला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरणारा. तिने तो कात्रीने तुकडे तुकडे केला. "एकाचे हात धुऊन दुसऱ्याचं दुखणं पुसून घेताय," म्हणाली. "एकाला एक तुकडा."

योदगोरने माझ्या हातावर पाणी घातलं. त्याचं मनगट दांड्याने सुजलेलं, निम्मं पाणी माझ्या बाहीत गेलं. पाणी आधी लाल, मग गुलाबी, मग नुसतं पाणी.

"साबण नीट लाव," मी म्हणालो.

"गप रे, बोळक्या."

मग चहा. प्रत्येकाला आपापला प्याला. ज्याच्याकडे नव्हता तो थांबला. तह झाला.

वरच्या गावातल्या दोघी त्या तापाने गेल्या. एक म्हातारी आणि सुताराची सहा वर्षांची मुलगी. तिच्या मयताला आमचं अख्खं गाव चढून गेलं, आणि कुणीही पाटातलं पाणी तोंडाला लावलं नाही. गुलरूचं पोर सहा आठवडे जिल्ह्याच्या दवाखान्यात होतं. आलं तेव्हा त्याचे केस गळून गेले होते आणि डोकं अंड्यासारखं. आता त्याला स्वतःची तीन पोरं आहेत आणि पोट माझ्यापेक्षा मोठं. त्या सकाळी दगडापाशी असलेल्या दोनशे माणसांपैकी त्या तापाने एकही पडला नाही. मला स्वतःला दोन दिवस पोटदुखी झाली, पण ती पुलावाने.

त्या उन्हाळ्यात दोन्ही गावांच्या मोडक्या माणसांनी मिळून झऱ्यावरून नळ खाली आणला आणि पाटाच्या काठचे संडास बुजवून लांब खणले. पट्टी बांधलेले हात खणत होते, फाटके कान माती वाहत होते. योदगोर आणि मी एकमेकांना शिव्या देत पाइप जोडत होतो. त्याने पहिल्या तोटीखाली हात धरला, साबण लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "जिवंत पाणी म्हणे!" त्यानंतर तो मेला तोपर्यंत, पुढची अठरा वर्षं, मला भेटला की हेच म्हणायचा.

मारामारी अजून होते. पाटाच्या दिवशी, दगडापाशी. पण आता देग आधी चढवतात, आणि खदखद झाली की संपली. त्यामुळे कधी कधी तरणी पोरं चुलीत ओली लाकडं घालतात, जरा लांबावी म्हणून.

फुटलेली काठवट सबोहतने दवाखान्याच्या भिंतीवर टांगली आहे, माशीच्या शेजारी. तिच्या काठात माझा एक दात रुतून बसलाय, मुळासकट. दुसरा सापडला नाही. तो बहुतेक योदगोरने गुपचूप उचलला. त्याच्या अंगठीत तो बसवलेला होता असं काही लोक म्हणतात. ती गोष्ट मात्र मी पसरवलेली नाही.